७२५ किलोंची सफर

नॉरफोक हा परगणा आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या यादीत सहसा सापडत नाही. इंग्लंडच्या नकाशात पूर्वेला समुद्राकडे पोट सुटल्यासारखा जो फुगवटा दिसतो, तो हा. डोंगर नाही, धबधबा नाही, सँड्रिंगहॅमचा राजवाडा सोडला तर फोटोसाठी रांग लागावी असं फारसं काही नाही. सपाट शेतं, गारगोटीच्या दगडात बांधलेली जुनी चर्चेस, डुकरांसाठी रानात मांडलेली पत्र्याची अर्धगोल खोपटी आणि मैलोगणती बीट. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून नॉरिचला आगगाडीने दोनेक तास लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ खिडकीबाहेर नुसतं आभाळ दिसतं. पण मोटारींचं वेड असलेल्या माणसाला या सपाटीतलं एक नाव पाठ असतं. हेथेल. लोटस कंपनीच्या गाड्या इथे जन्माला येतात.

माझा भाचा नॉरिचमध्ये नोकरीला आहे. त्याला जुनी लोटस एलिस घ्यायची होती, तीही पहिल्या मालिकेतली, म्हणजे १९९६ नंतरच्या चार-पाच वर्षांतली. "मामा, तू फक्त बरोबर चल. भाव करायला आपलं माणूस लागतं," असं तो म्हणाला, आणि माझ्या भाव करण्याच्या कसबाबद्दल त्याचा जो गैरसमज होता तो मी दूर केला नाही. भाचेसुनेला या व्यवहारात एकच शंका होती: या गाडीत किराणा कुठे ठेवायचा? प्रश्न रास्त होता, पण त्या दोघांच्या वादात मी पडलो नाही. मला ती गाडी चालवायला मिळणार होती.

या गाडीची जन्मकथा टंचाईतली आहे. १९९३ साली जनरल मोटर्सने लोटस विकली ती इटलीच्या रोमानो आर्तिओली यांना. ते तेव्हा बुगाटीचेही मालक होते. त्यांच्या नातीचं नाव एलिसा, त्यावरून गाडीचं नाव आलं. नवं मोठं इंजिन बनवण्याइतका पैसा हाताशी नव्हता. म्हणून रोव्हरच्या साध्या घरगुती गाड्यांमधलं १.८ लिटरचं इंजिन घेतलं, ११८ अश्वशक्तीचं, आणि सगळी अक्कल लावली ती वजन उतरवण्यावर. रिचर्ड रॅकहॅम या अभियंत्याने ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांची चासी आखली. साच्यातून दाबून काढलेल्या या पट्ट्या डेन्मार्कमधून यायच्या, आणि त्या वेल्डिंगने नव्हे तर चक्क इपॉक्सी गोंदाने जोडलेल्या असत. ॲल्युमिनियमला वेल्डिंग केलं की सांध्याजवळचा धातू उष्णतेने मऊ पडतो, मग ताकदीसाठी पट्टी जाड घ्यावी लागते. गोंदाला ही अडचण नाही, त्यामुळे पातळ पट्टी पुरते. गोंद उकलू नये म्हणून मोक्याच्या जागी स्क्रू. अशा चासीचं वजन भरलं ६८ किलो. माझं यापेक्षा जास्त आहे. तिच्यावर ज्युलियन थॉमसन यांनी आखलेलं फायबरग्लासचं अंग चढलं आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणे गाडी झाली ७२५ किलोंची. १९९५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली.

विक्रेत्याची वेळ दुपारची होती, म्हणून आधी हेथेलला गेलो. मे महिना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीच्या जातीतल्या तेलबियांची शेतं इतकी पिवळी की डोळे दिपावेत. पोटॅश लेन नावाच्या अरुंद रस्त्यावर कारखान्याचं फाटक आहे. आत जायला आमच्याकडे काही निमित्त नव्हतं. बाहेरून दिसल्या त्या बसक्या इमारती, मोठा वाहनतळ, आणि कुंपणापलीकडून एका इंजिनाचा आवाज चढत-उतरत फिरत होता. चाचणीचा ट्रॅक तिकडेच आहे, जुन्या धावपट्टीच्या जागेवर. दुसऱ्या महायुद्धात हा अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचा तळ होता. ३८९ व्या बॉम्ब ग्रुपची लिबरेटर विमानं इथून उडायची. बॉम्ब आणि इंधन भरल्यावर एकेकाचं वजन पंचवीस टनांच्या वर. १९६६ मध्ये लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन आपला कारखाना चेशंटहून इथे घेऊन आला, तेव्हा त्याला हव्या होत्या रिकामी जागा आणि लांब डांबरी पट्टी. ज्या जमिनीवरून जड विमानं कशीबशी हवेत चढायची, तिथे मग अगदी हलक्या मोटारी धावायला लागल्या. तळावरच्या जुन्या प्रार्थनागृहात त्या वैमानिकांच्या आठवणींचं एक छोटं प्रदर्शन आहे. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं.

हेथेलच्या चर्चशेजारी मात्र एक वेगळीच गोष्ट पाहायला मिळाली. एक म्हातारं काटेरी झाड, हॉथॉर्न. खोड फाटलेलं, फांद्यांना टेकू दिलेले, वय काही शतकांचं. त्या एका झाडापुरतं निसर्ग राखीव क्षेत्र आहे, इंग्लंडमधल्या सर्वांत लहान क्षेत्रांपैकी एक. मे महिन्यात त्याला पांढरी फुलं येतात. भाचा घड्याळाकडे बघत होता, म्हणून तिथे मनासारखं थांबता आलं नाही.

विक्रेत्याचा गाळा विंडम गावाच्या पलीकडे, एका जुन्या शेतवाडीच्या कोठारात होता. साठीचा, कमी बोलणारा माणूस. हातात चहाचा मग, पायात मळके बूट. त्याने आधी आमचे लायसन्स पाहिले. भारतीय लायसन्सवर पाहुण्याला तिकडे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, आणि तिकडची वाहतूकही आपल्यासारखीच डाव्या बाजूने असल्यामुळे युरोपात होते तशी डोक्याची उलथापालथ होत नाही. विम्याच्या कागदावर सही झाली. मग त्याने कापडी टप गुंडाळून बाजूला ठेवला आणि गाडी उन्हात आणली.

हिरवी, गडद हिरवी. फोटोत दिसते त्यापेक्षा कितीतरी लहान. तिचं बॉनेट माझ्या मांडीला लागत होतं. दार उघडलं तरी आत शिरायची सोय होत नाही, कारण चासीची मुख्य तुळई दाराच्या खालून जाते आणि वीतभर रुंद, चांगला उंच असा उंबरठा तयार होतो. आधी एक पाय आत सीटवर ठेवायचा, मग दोन्ही हात टेकून स्वतःला खाली सोडायचं. माझी कसरत विक्रेता शांतपणे पाहत होता. "बसताना सगळेच विनोदी दिसतात," तो म्हणाला, "उतरताना जास्त."

आत पाहण्यासारखं काय आहे? जवळजवळ काही नाही, आणि तेच पाहण्यासारखं आहे. जमिनीवर गालिचा नाही, उघडं ॲल्युमिनियम. काचा हाताने फिरवायच्या. सीट म्हणजे पातळ कवच, त्यावर नावापुरती गादी. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला सर्व्होची मदत नाही. क्लच आणि ब्रेकची पेडल्ससुद्धा त्याच दाबून काढलेल्या ॲल्युमिनियमची, आणि ती इतकी देखणी की कुणीतरी दिवाणखान्यात मांडावीत. आपल्याकडे शोरूममध्ये नवी गाडी दाखवतात तेव्हा स्क्रीन केवढा, सनरूफ आहे का, सीट गार होते का, इथून सुरुवात होते. इथे विक्रेत्याने चावी दिली आणि तो बाजूला झाला. दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

इंजिन पाठीमागे, सीटच्या अगदी मागे आडवं बसवलेलं. सुरू झाल्यावर आवाज कानात कमी आणि पाठीच्या कण्यात जास्त येतो. क्लच हलका, गिअरचा दांडा आखूड. गल्लीतून बाहेर पडताना स्टिअरिंग थोडं जड वाटलं, पण चाकं फिरू लागताच तो जडपणा गेला. याचं गणित सोपं आहे. इंजिन मागे असल्यामुळे पुढच्या दोन चाकांवर मिळून तीनशे किलोसुद्धा भार येत नाही. एवढ्याशा वजनाला वळवायला मोटर कशाला लागते? आणि मध्ये मोटर नाही म्हटल्यावर रस्ता जे काही सांगेल ते थेट तळहातात येतं. डांबराचा पोत बदलला, कडेला खडी आली, मध्यभागी पाणी वाळून उमटलेला पट्टा आला, सगळं कळतं. माझ्या पुण्यातल्या गाडीचं स्टिअरिंग एका बोटाने फिरतं आणि मला काहीही सांगत नाही. इतकी वर्षं ते मला सोयीचं वाटत होतं.

टॅकल्स्टनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहिला खड्डा दिसला तेव्हा सवयीने मी दात आवळले. स्पोर्ट्स कार म्हणजे बूड शेकणार हे गृहीतच होतं. गाडीने खड्डा नुसता ओलांडला. चाक खाली गेलं, वर आलं, अंग हललं नाही. कोठारात परतल्यावर मी याचं कारण विचारलं, तेव्हा विक्रेता पहिल्यांदाच खुलून बोलला. जड गाडी वळणावर कलंडू नये म्हणून तिच्या स्प्रिंगा कडक कराव्या लागतात. कडक स्प्रिंगांसाठी चासी आणखी भक्कम, म्हणजे आणखी जड. वजन वाढलं की ब्रेक मोठे, टायर रुंद, इंजिन मोठं, मग पेट्रोलची टाकीही मोठी, आणि या सगळ्याचं वजन पुन्हा गाडीवरच. हलक्या गाडीत हीच साखळी उलटी चालते. पहिले शंभर किलो उतरवायला अक्कल लागते. पुढचे पन्नास आपोआप उतरतात. पुढचे टायर फक्त १८५ मिलिमीटर रुंद आहेत, आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकला असतात तेवढेच.

टॅकल्स्टनला टीव्हीचा एक उंच मनोरा आहे. सपाट मुलखात तो मैलोन्‌मैल दिसतो, त्यामुळे नकाशा लागत नाही. तिथून बी-१११३ हा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना कुंपणाची दाट झुडपं, मधूनच एखादी शेतवाडी, आणि जुन्या शेतांच्या बांधांवरून गेल्यासारखी वळणं: सरळ, मग अचानक काटकोन, मग पुन्हा सरळ. गावात ताशी ३० मैल, गावाबाहेर ६०. मी ६० च्या वर गेलो नाही आणि जावंसं वाटलंही नाही. रस्त्यापासून बूड एवढं खाली असतं की समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकांचे नट डोळ्यांच्या पातळीवर दिसतात. पन्नासचा वेग ऐंशीसारखा भासतो. तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की गाडी लगेच निघते. ताकद फार नाही, पण ओढायचं ओझंच नाही. वळणाआधी ब्रेक दाबला तर पहिल्यांदा धडकी भरली, कारण सर्व्हो नसल्यामुळे पाय जोर लावून दाबावा लागतो. दुसऱ्या वळणाला कळलं की जितका जोर तितका ब्रेक, ना कमी ना जास्त. एका काटकोनी वळणावर मी मध्येच घाबरून पाय उचलला आणि मागचा भाग किंचित बाहेर सरकल्यासारखा वाटला. इंजिन मागे असलेल्या गाडीचा हा स्वभाव. कोरड्या रस्त्यावर तिने समज देऊन सोडलं. ओल्या रस्त्यावर ती एवढी समजूतदार नसते असं नंतर ऐकलं.

न्यू बकनहॅम हे गाव नॉर्मन काळात आखून वसवलेलं, जवळच गोल बुरुजाच्या किल्ल्याचे अवशेष. तिथल्या चौकात गाडी थांबवली तर शाळेतली दोन पोरं आणि एक आजी गाडीभोवती जमली. आजींनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीबद्दल नव्हे, आम्हाला आत बसून पाठ दुखत नाही का, हा. दुखत नव्हती. तिथून भाच्याने चालवली. मी शेजारी बसलो आणि अर्ध्या तासात मला कळलं की ही गाडी शेजारी बसण्याची नव्हे. ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याचंच सुख. उरलेल्याला वारा आणि इंजिनाचा घणघणाट.

या हलकेपणामागचा माणूस चॅपमन. गाडीत आधी गुंतागुंत कमी करा, मग वजन कमी करा, हे त्याचं सूत्र म्हणून सांगितलं जातं. १९५२ मध्ये त्याने कंपनी काढली आणि १९६३ ते १९७८ या काळात लोटसने फॉर्म्युला वनमध्ये बांधणीकारांची सात अजिंक्यपदं जिंकली. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याचं एकसंध कवच वापरलं, आणि पुढे फॉर्म्युला वनच्या सगळ्या गाड्या तशाच झाल्या. पण त्याचे भक्त जी बाजू घाईघाईने ओलांडतात तीही सांगितली पाहिजे. त्याच्या गाड्या मोडायच्या. १९६८ मध्ये हॉकनहाइमला शर्यतपटू जिम क्लार्क लोटसमध्येच गेला. १९७० मध्ये मोंझाच्या सरावात योखेन रिंटच्या गाडीचा ब्रेककडे जाणारा दांडा तुटला आणि तो गेला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. अनावश्यक भाग काढून टाकणं आणि आवश्यक भाग पातळ करणं यांतली रेघ चॅपमनला नेहमीच दिसली असं म्हणता येत नाही. एलिस त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी लोकांसमोर आली, आणि माझ्या मते त्याच्या विचाराची ती सर्वांत शहाणी गाडी आहे, कारण तिच्यात वजन उतरवलं ते सुखसोयींवरून. कणा मात्र धडधाकट ठेवला.

हे सगळं ऐकून पुण्यातले माझे मित्र म्हणतील, हलक्या गाड्यांचं कौतुक आम्हाला सांगू नकोस. खरं आहे. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० साडेसहाशे किलोंच्या आसपास होती, म्हणजे एलिसपेक्षाही हलकी. आपल्या एका अख्ख्या पिढीने अशीच गाडी चालवली, त्यात सहा माणसं कोंबून महाबळेश्वरचा घाटही चढवला. पण तो हलकेपणा काटकसरीतून आलेला होता. पत्रा पातळ, कारण पैसे वाचवायचे. २०१४ साली गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने आपल्याकडच्या पाच लहान गाड्या एअरबॅगविना आदळून पाहिल्या आणि पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. तेव्हापासून आपल्या मनात हलकी म्हणजे तकलादू आणि जड म्हणजे भरवशाची हे समीकरण घट्ट बसलंय. लोक गाडीचं दार आपटून आवाज ऐकतात. 'पत्रा दणकट आहे' ही आपल्याकडची मोठी दाद. म्हणून आज प्रत्येकाला उंच, जड एसयूव्ही हवी, ती एकटा माणूस ऑफिसला नेत असला तरी. यात लोकांचा दोष नाही. त्यांनी जी हलकी गाडी पाहिली ती खरोखरच त्यांना वाचवणारी नव्हती.

गंमत म्हणजे हेथेललाही तेच झालं. एलिसचं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं. तिच्या नंतरची एमिरा हेथेललाच बनते, पण ती चौदाशे किलोंच्या घरात आहे. आणि कंपनीची सूत्रं २०१७ पासून ज्या चिनी जीली समूहाकडे आहेत, त्यांच्या वूहानच्या कारखान्यात बनणारी लोटस एलेत्रा ही विजेवरची एसयूव्ही अडीच टनांच्या आसपास भरते. एका एलेत्राच्या वजनात तीन एलिस बसतात आणि वर तीनशे किलो उरतात. विजेच्या गाडीला जड बॅटरी लागते हे मान्य. तरी त्याच हेथेलच्या एलिसवर आधारलेली टेस्ला रोडस्टर २००८ मध्ये रस्त्यावर आली होती हे आठवलं की वाटतं, दुसरी वाटही होती.

परत कोठारात आलो. भाच्याने सर्व्हिसची कागदपत्रं चाळली, हेड गॅस्केट कधी बदललं ते विचारलं, कारण या इंजिनाचं ते जगजाहीर दुखणं. डिकी उघडून पाहिली. ती इंजिनाच्या मागे आहे, एका प्रवासी बॅगेपुरती, आणि हात घातला तर आतून कोमट. आइस्क्रीम सोडून काहीही ठेवा, असं विक्रेता म्हणाला. भाचेसुनेच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. किंमत पंचवीस हजार पौंडांच्या आसपास. मी भाव केला. विक्रेत्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि तीच किंमत पुन्हा सांगितली. व्यवहार जमला नाही. अशी गाडी आपल्याकडे आणायचा विचारही व्यर्थ. तीन वर्षांहून जुनी मोटार सर्वसाधारण माणसाला आयात करता येत नाही, आणि नवी एलिस आता कुठेच मिळत नाही.

तेव्हा तुम्ही कधी नॉरिचकडे गेलात, तर एखाद्या विक्रेत्याला आधी फोन करून वेळ घ्या, लायसन्स बरोबर ठेवा आणि सप्टेंबर ते फेब्रुवारी हे महिने टाळा. तेव्हा तिकडे बीटाचा हंगाम असतो. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात तसे बीटाचे ट्रॅक्टर येतात, आणि बी-१११३ वर चिखलाचा थर बसतो. सव्वासातशे किलोंच्या गाडीला तो झेपत नाही. मे महिन्यात जा.